झोंबणं म्हणजे ऊब नव्हे

दिवाळी सरते, पहाटेचं दव पायाला लागू लागतं आणि घरोघरी एकच तक्रार सुरू होते: अंगात स्वेटर आहे, वर गोधडी आहे, पण पावलांत काही ऊब येत नाही. त्यावरचा घरगुती उपायही ठरलेला. तेलात सुंठ, लसूण किंवा ओवा कढवायचा आणि ते तेल तळव्यांना, बोटांना चोळायचं. अलीकडे या तेलात मेण घालून मलम करण्याची टूम निघाली आहे आणि जिन्नसांच्या यादीत लाल मिरची, कापूर, मोहरी अशी भर पडत चालली आहे. ही भर पडण्यामागे एक समज आहे. मलम लावलं की आपण विचारतो, ‘झोंबतंय का?’ झोंबत असलं तर लागू पडलं, नसलं तर औषधात दम नाही. मग पुढच्या खेपेला मिरची दुप्पट. या लेखाचं म्हणणं एवढंच, की ही कसोटीच उलटी आहे. गार हातापायांसाठी घरी मलम जरूर करावं, त्याचा उपयोगही आहे, पण तो उपयोग झोंबण्यात नाही. जे मलम लावल्यावर फारसं जाणवत नाही, तेच बहुधा चांगलं.

हे पटण्यासाठी आधी हातपाय गार का पडतात ते पाहायला हवं. शरीर तापायला कमी पडलं म्हणून ते गार पडतात, असं आपण धरून चालतो. खरं तर शरीराने तिथली उष्णता जाणूनबुजून काढून घेतलेली असते. मेंदू, हृदय, यकृत यांचं तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास टिकवणं हे शरीराचं पहिलं काम. बाहेर थंडी वाढली की मेंदूतून हुकूम सुटतो आणि हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. बोटं, तळवे, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या या जागी धमन्या आणि शिरा यांना थेट जोडणारे खास रस्ते असतात. उकाड्यात ते उघडले की उष्णता भराभर बाहेर टाकता येते, थंडीत मिटले की ती आत राखता येते. म्हणजे बोटं ही शरीराची खिडकीच, आणि थंडीत ती खिडकी लावून घेतलेली असते. ती कायमची बंद राहिली तर बोटांना इजा होईल, म्हणून शरीर ती अधूनमधून किलकिलीही करतं. बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून ठेवलं की काही मिनिटांनी त्यात आपोआप रक्ताची लाट येते, मग ती ओसरते आणि पुन्हा येते, हे ब्रिटिश वैद्यकसंशोधक सर थॉमस लुईस यांनी १९३० साली नोंदवून ठेवलं आहे. यातून निघणारा पहिला धडा साधा आहे. पाय गार पडले तर इलाज आधी पायाला नव्हे, धडाला करायचा. छाती-पोट उबदार राहिलं, डोकं-कान झाकलेले असले, पोटात गरम जेवण असलं की मेंदू खिडकी उघडायला तयार होतो. छातीभोवती तापवलेलं जाकीट घातलेल्या माणसांची उघडी बोटंसुद्धा थंडीत बरीच उबदार राहतात, असं प्रयोगांत दिसलेलं आहे.

आता मिरची काय करते ते पाहू. ढीगभर मिरच्या चिरल्यावर हातांची जी आग होते ती स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची. हात लाल होतात, रात्रभर भगभगतात, चुकून डोळ्याला लागले तर विचारायलाच नको. पण त्या हाताला थर्मामीटर लावला तर आग होण्याइतकी उष्णता तिथे सापडत नाही. कारण मिरचीत उष्णता नसतेच, कॅप्सायसिन नावाचं द्रव्य असतं. आपल्या त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांतलं एक, टीआरपीव्ही१, साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की उघडतं आणि मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप धाडतं. कॅप्सायसिन नेमकं याच दाराची कडी काढतं. दार उघडलं की मेंदूला निरोप तोच जातो, बाहेर विस्तव असो वा नसो. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन १९९७ साली शोधलं ते मिरचीचाच माग काढत, आणि या वाटेने झालेल्या कामासाठी २०२१ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह मिळालं. गंमत अशी, की याच्या नेमकं उलट खोटं निरोपपत्र पुदिन्यातलं मेन्थॉल पाठवतं. ते थंडी ओळखणारं दार उघडतं. म्हणून कपाळाला बाम लावला की गार वाटतं आणि तोच बाम गारठलेल्या पायाला लावणारा माणूस आपल्या मज्जातंतूंना आणखी थंडीची बातमी देत बसतो.

यावर एक रास्त आक्षेप येतो. नुसतं वाटणंच असेल तर त्वचा लाल का होते? लाली म्हणजे रक्त, आणि रक्त आलं म्हणजे ऊब आलीच की! आक्षेपात तथ्य आहे. मज्जातंतू मेंदूला निरोप देतात तसे ते आपल्या टोकांपाशी काही द्रव्यंही सोडतात. त्यांनी आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात आणि थोडं जास्त रक्त त्वचेत येतं. पण हा परिणाम मलम लावलं तेवढ्या जागेपुरता असतो, आणि मुख्य म्हणजे तो शरीराच्या हिशेबाविरुद्ध जातो. थंडीत आत राखून ठेवलेली ऊब आपण बळेच खिडकीशी आणतो आणि बाहेर हवा गार असेल तर ती तिथून निघून जाते. बंद खोलीत, पांघरुणाखाली याने काही बिघडत नाही. पण रात्री वीज येते म्हणून पहाटेपर्यंत गव्हाला दारं धरणारा शेतकरी, पाचटाच्या कोपीतून अंधारातच फडाकडे निघणारा ऊसतोड कामगार, निफाडच्या बागेत द्राक्षं वाचवायला शेकोट्या पेटवत हिंडणारा बागाईतदार यांनी ‘आता पाय गरम आहेत’ या भरवशावर ओले पाय तसेच ठेवले तर ती फसवणूक महागात पडते. पाणी स्थिर हवेच्या वीस-पंचवीस पट सहजतेने उष्णता वाहून नेतं. ओल्या पावलातून ऊब झरत राहते आणि मिरचीची भगभग त्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचू देत नाही.

बरं, मिरची सोडा, निदान तेलाचा थर तरी थंडी अडवत असेल, असंही कुणी म्हणेल. या समजालाही इतिहास आहे. १८७५ साली इंग्लिश खाडी पहिल्यांदा पोहून गेलेले कॅप्टन मॅथ्यू वेब अंगाला शिंशुमाराच्या जातीच्या सागरी प्राण्याचं तेल चोपडून पाण्यात उतरले होते. पण हिशेब मांडला की हा आधार गळून पडतो. स्थिर हवेपेक्षा तेलातून उष्णता सहा-सात पट सहज वाहते, आणि लोकरीच्या मोज्याची सगळी करामत त्याच्या धाग्यांत अडकून राहिलेल्या हवेची असते. तीन मिलिमीटर जाडीचा लोकरी मोजा जेवढी ऊब अडवतो तेवढी अडवायला तेलाचा थर एक सेंटीमीटरहून जाड हवा. आपण चमचाभर मलम दोन्ही पावलांवर पसरतो तेव्हा तो थर डोक्याच्या केसापेक्षाही पातळ भरतो. फिनलंडमध्ये कडाक्याच्या थंडीत चेहऱ्याला आणि कानांना मलम चोपडण्याची जुनी रीत आहे. १९९० च्या दशकात तिथल्या सैन्यात भरती झालेल्या तरुणांच्या हिमदंशाचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं, की असं ‘संरक्षक’ मलम लावणाऱ्यांना हिमदंश कमी नव्हे, उलट अधिक झाला होता. पुढच्या तपासण्यांतून उलगडा झाला तो असा, की मलम लावल्यावर त्वचा उबदार वाटते, प्रत्यक्षात ती तशी नसते, आणि त्या भरवशावर माणूस कान झाकायचं विसरतो. आपल्याकडे हिमदंशाची थंडी पडत नाही. पण पायाला तेल लावलं म्हणून मोजे न घालणारा माणूस आपल्याकडेही आहे आणि त्याची चूक जातकुळीने तीच आहे.

मग आजीच्या तेलाने पाय गरम व्हायचे ते काय उगाच? मुळीच नाही. पण आजीच्या तेलाचं श्रेय आपण चुकीच्या वाटेकऱ्याला देतो. तेल कोमट करून आणलेलं असे, ते पायाला पाच-दहा मिनिटं चोळलं जाई, चोळणारा हात उबदार असे, बहुतेकदा हे सगळं चुलीपाशी बसून होई आणि त्यानंतर पाय पांघरुणात जात. चोळण्याने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो आणि तिचं तापमानही वाढतं, हे मोजून पाहता येतं. आयुर्वेदातल्या उपचारांतही बहुधा नुसतं तेल चोपडून थांबत नाहीत. आधी स्नेहन, मग स्वेदन, असा तो क्रम आहे: तेल जिरवायचं आणि मग शेक द्यायचा. नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान हे त्याचंच वर्षातून एकदा होणारं रूप. थंडीच्या तोंडावर तिळाचं तेल अंगात मुरवायचं आणि लगेच ऊन पाण्याने नाहायचं. या साखळीत तेलाचं खरं काम दोन पदरी आहे. एक, चोळणाऱ्या हाताला ते घसरतं करतं, नाहीतर कोरड्या त्वचेवर पाच मिनिटं हात चालवणं म्हणजे कातडी सोलणं. दुसरं, त्वचेतलं पाणी उडून जाणं ते कमी करतं. हिवाळ्यातली हवा कोरडी, तळव्यांच्या त्वचेत तैलग्रंथीच नसतात, त्यामुळे टाचांना भेगा पडायला वेळ लागत नाही. भेगाळलेला पाय गारठ्यात अधिक ठणकतो आणि ठणकणारा पाय आपल्याला ‘गार पडलेला’ वाटतो. ती भेग भरून आणणं, त्वचा लवचिक ठेवणं, हे मलमाचं हक्काचं काम आहे. ते त्याने करावं. ऊब देण्याचं काम हाताकडे, शेकाकडे आणि लोकरीकडे सोपवावं.

हे मान्य केलं की मलमात काय घालायचं याचा निवाडा सोपा होतो. मिरची पहिली बाद. तिच्या बाजूने परंपरेचा दाखला कुणी देऊ नये, कारण मिरची भारतात आली ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर. चरक-सुश्रुतांना तिखटपणा ठाऊक होता तो सुंठ, मिरी, पिंपळी या त्रिकटूचा. औषधांच्या दुकानात कॅप्सायसिनची मलमं मिळतात हे खरं, पण त्यांत ते साधारण ०.०२५ किंवा ०.०७५ टक्के इतकं मोजून घातलेलं असतं, तेही दुखण्यावर, ऊब यावी म्हणून नव्हे. घरातल्या मूठभर लवंगी मिरचीत ते किती आहे हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून मलमातून ते त्वचेत चांगलंच मुरतं आणि आग होऊ लागली की पाण्याने जात नाही. आधी साधं तेल लावून पुसायचं आणि मग साबणाने धुवायचं, हाच त्यावरचा मार्ग. कच्चा लसूण दुसरा बाद. त्याने त्वचा अक्षरशः भाजते, फोड येतात, आणि त्याच्या ओलाव्याने मलमही नासतं. मोहरीची कथा वेगळीच. तिचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागलं की त्यातलं एक विकर कामाला लागतं आणि मग तो तयार होतो. म्हणून मोहरीची पूड पाण्यात कालवून लावलेला लेप डोळ्यांत पाणी आणतो आणि कोरडी मोहरी तेलात तापवली तर तसं काही होत नाही. म्हणजे मलमात मोहरी बहुतेक शोभेचीच. कापूर थोडा चालेल असं वाटतं, पण लहान मुलाच्या पोटात तो जरासा जरी गेला तरी झटके येऊ शकतात. मलमाची डबी उघडून बोटं चाटणारं मूल ज्या घरात आहे तिथे कापूर नको. उरली सुंठ. आलं वाळताना त्यातल्या काही जिंजेरॉलचा शोगॉल बनतो आणि तो अधिक तिखट असतो, म्हणून सुंठ आल्याहून उष्ण मानली गेली. तीही टीआरपीव्ही१ चीच कडी हलवते, पण हलक्या हाताने. तिचा वास ओळखीचा, ती कोरडी, स्वयंपाकघरात असतेच. चोळायला बसावंसं वाटेल एवढी हवीहवीशी आणि फसवणार नाही एवढी सौम्य, असा हा एकच जिन्नस पुरे.

आता प्रत्यक्ष कृती. तिळाचं घाण्याचं तेल १०० ग्रॅम, कुटलेली सुंठ १० ग्रॅम, मधमाशीचं मेण १८ ते २० ग्रॅम. सुंठ बाजारच्या पुडीतली नको, गाठीच आणून खलबत्त्यात जाडसर कुटावी. बारीक पूड गाळण्यातून सुटते आणि मलम खरखरीत होतं. मेण म्हणजे मेणबत्तीचं नव्हे, ती बहुधा पॅराफिनची असते. मेण मधपाळांकडून घ्यावं. महाबळेश्वरच्या बाजूला ते सहज मिळतं, तिथलं मांघर तर २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. एका पातेल्यात चार बोटं पाणी घेऊन मंद आचेवर ठेवावं आणि त्यात स्टीलचा कोरडा ठणठणीत वाडगा बसवावा. वाडग्यात तेल आणि सुंठ. तेल थेट आचेवर ठेवायचं नाही, कारण ते कधी धुरावतं आणि सुंठ कधी करपते ते कळत नाही. पाण्यावर ठेवलेलं तेल काही केलं तरी शंभर अंशांपुढे जात नाही. पाणी खळखळू न देता तास-दीड तास राहू द्यावं. तेलाला सुंठीचा वास येईल, रंग जरा गडद होईल. मग ते मलमलीच्या कोरड्या फडक्यातून गाळावं, वाडगा पुसून तेल पुन्हा पाण्यावर ठेवावं आणि त्यात मेण किसून घालावं. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे पाच-सात मिनिटांत ते दिसेनासं होतं. इथे घाई न करता एक चाचणी करायची. एक बशी आधीच फ्रिजमध्ये ठेवून तिच्यावर मलमाचा एक थेंब टाकायचा. मिनिटभराने तो थिजला की बोटाने दाबून पाहायचा. बोट रुतलं आणि घासल्यावर थर पसरला तर जमलं. खडूसारखा तुटला तर आणखी चमचाभर तेल, ओघळला तर आणखी चिमूटभर मेण. जॅम झाला का हे बघताना करतो तीच रीत.

मेण आणि तेल ही जोडी नवी नाही. संस्कृतात मेणाला सिक्थ म्हणतात आणि आयुर्वेदात सिक्थतैल नावाची मेण-तेलाची योजना भेगांसाठी वापरली जाते. तिळाच्या तेलाचाही यात वाटा आहे. त्यातल्या काही द्रव्यांमुळे ते इतर बऱ्याच तेलांपेक्षा उशिरा खवट होतं. कोकणात मात्र भेगांवर हात जातो तो भिरंडेलाकडे, म्हणजे कोकमच्या बियांतून काढलेल्या तेलाकडे. ते घरच्या हवेत घट्ट गोळ्यासारखं असतं आणि ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून हाताच्या उबेने आणि घासण्याने हळूहळू पाघळतं. त्यातला दहा ग्रॅमचा तुकडा मेणाबरोबर घातला आणि मेण तेवढंच कमी केलं तर मलम कमी चिकट होतं. एक पथ्य मात्र कडक पाळायचं: पाण्याचा थेंब आत जाता कामा नये. ज्या मलमात पाणी नाही तिथे बुरशी, जंतू यांना वाढायला वाव मिळत नाही, म्हणून टिकाऊपणासाठी वेगळं काही घालावं लागत नाही. ओलं आलं, कोरफडीचा गर, तुळशीची ओली पानं घातली की हा हिशेब मोडतो. याच कारणाने डबी भरल्यावर मलम पूर्ण निवेपर्यंत झाकण लावू नये, नाहीतर वाफेचं पाणी झाकणाला धरतं आणि आत टपकतं. रुंद तोंडाच्या कोरड्या डबीत, उन्हापासून दूर, हे मलम एक हिवाळा काढतं. खवट वास आला की टाकून द्यायचं.

वापरताना क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा लावण्याआधी मनगटाच्या वर आतल्या बाजूला चिमूटभर लावून एक दिवस थांबावं. नैसर्गिक आहे म्हणून त्वचेला चालेलच असं नाही, आणि मेणासोबत पोळ्यातला राळेसारखा पदार्थ आला असेल तर काहींना त्याने खाज सुटते. मग रात्री झोपण्याआधी पाय कोमट पाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करावेत. बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर तिथे मलम लावू नये, तिथला ओलावा त्याने कोंडला जातो. वाटाण्याएवढं मलम तळहातांवर घासून पातळ करावं आणि बोटांच्या टोकांपासून घोट्याकडे पाच मिनिटं चोळावं, प्रत्येक बोट वेगळं. लगेच लोकरीचे किंवा जाड सुती मोजे घालावेत. ते ऊब टिकवण्यासाठी हवेतच, शिवाय तेलकट पायाने फरशीवर उतरलेल्या वयस्कर माणसाचा पाय घसरू नये म्हणूनही. मलमावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. सुंठ सौम्य असली तरी तीही उष्णता ओळखणाऱ्या दाराची कडी सैल करते, आणि मग खरी उष्णता किती हे ओळखणं अवघड होतं.

इथेच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. पाय गार असणं आणि पाय गार वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक ओळखायला यंत्र लागत नाही, दुसऱ्या माणसाच्या हाताची मागची बाजू पुरते. घरातल्या कुणी तरी तो पाय हात लावून पाहावा. हाताला उबदार लागतो पण ज्याचा पाय त्याला बर्फासारखा वाटतो, तर दोष रक्ताचा नसून मज्जातंतूंचा असू शकतो. मधुमेह जुना झाला की असं होतं. अशा पायाला चटका बसला तरी कळत नाही, म्हणून झोंबणारं मलम आणि शेक दोन्ही त्याला धोक्याचे. उलट पाय खरोखरच गार असेल तर तेही नेहमी हवेमुळेच असतं असं नाही. थंडीत बोटं एकाएकी पांढरी फटक पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकतात, असं दिसलं तर तो आजार फ्रेंच वैद्य मोरिस रेनो यांनी १८६२ साली वर्णन केलेला असू शकतो. स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो, तसाच दगड फोडणारी, थरथरणारी यंत्रं वर्षानुवर्षं हाताळणाऱ्या कामगारांतही. एकच पाय गार पडतो, चालताना पोटरीत गोळे येतात, बोटावरची जखम भरत नाही आणि माणूस विडी-सिगारेट ओढतो, तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जायला हवं. तंबाखू रक्तवाहिन्या आवळते आणि काहींच्या त्या कायमच्या बंद पाडते. गार हातपाय, थकवा, धाप ही तिन्ही एकत्र असतील तर रक्त तपासावं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे गार हातांवर मलम शोधणाऱ्या घरांतल्या कितीतरी जणींना खरी गरज लोहाची असणार. थायरॉइड मंदावला तरी थंडी सोसत नाही. या कुठल्याच आजारात सौम्य मलम फार अपाय करत नाही, पण जहाल मलम आणखी एक अपाय करतं. ते आठवडेच्या आठवडे ‘आता बरं वाटतंय’ असं वाटायला लावतं आणि तपासणी पुढे ढकलली जाते.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसाचा. ऊब मोजा देणार, रक्त चोळणारा हात आणणार, तर हा खटाटोप कशाला? दुकानातली व्हॅसलीनची डबी काय वाईट? प्रामाणिक उत्तर असं, की त्वचेतलं पाणी अडवण्याच्या कामात पेट्रोलियम जेली घरच्या मलमाच्या तोडीस तोड आहे, बहुधा सरसच. ती वापरणाऱ्याने काही गमावलेलं नाही. घरच्या मलमाची बाजू वेगळ्या जागी भक्कम आहे. त्यात काय आहे आणि किती आहे हे आपल्याला ठाऊक असतं. पुढच्या वेळी ते घट्ट करायचं की सैल, सुंठ वाढवायची की काढूनच टाकायची, हे आपल्या हातात राहतं. आणि ज्याचा वास आवडतो, जे आपण स्वतः वाडग्यात ढवळलेलं असतं, ते चोळायला माणूस रोज बसतो. रोज चोळायला बसणं म्हणजे रोज पाय पाहणं. टाचेची नवी भेग, करंगळीचा बदललेला रंग, कधी लागलं ते न आठवणारी जखम, या गोष्टी तेव्हा नजरेस पडतात. मधुमेह्यांना डॉक्टर रोज पाय तपासायला सांगतात आणि तेच काम रोजच्या धबडग्यात राहून जातं. मलमाच्या निमित्ताने ते होत असेल तर एवढ्या साध्या वस्तूकडून आणखी मागण्यासारखं काही उरत नाही.

म्हणून मलम झालं की दोन गोष्टी कराव्यात. लावल्यावर ‘झोंबतंय का’ असं विचारायचं सोडून द्यावं आणि आठवड्याने टाचेवरून बोट फिरवून पाहावं, की ते कुठे अडतंय का. आणि डबीवर चिठ्ठी लावताना जिन्नस आणि तारीख यांच्या खाली ठळक अक्षरांत लिहावं: मोज्यांआधी. हिवाळाभर तो शब्द रोज रात्री नजरेखालून जाईल.